जपानचा तांदूळ आणि आपले दूध



प्रवरेच्या काठच्या आमच्या गावात पहाटे पाचला आधी गोठे जागे होतात. सात वाजता डेअरीच्या दारात कॅन घेऊन रांग लागते. कुणाचे चाळीस लिटर, कुणाचे पंधरा, एखाद्या म्हातारीचे किटलीतले चार. मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवते, चिठ्ठी हातात पडते आणि दहा दिवसांनी ‘पगार’ होतो. दुधाच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. उसाच्या बिलाची वाट पाहावी लागते, कांद्याचे पैसे नशिबावर. किराणा, शाळेची फी आणि दवाखाना चालतो तो या पगारावर.

2019 च्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. शेजारचे अण्णा रांगेतच मला म्हणाले, “भाई, तुम्ही पेपर वाचता. न्यूझीलंडचं दूध येणार म्हणतात. मग आम्ही गाया विकायच्या का?”

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्र होते, ते परीक्षेपुरते. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले आणि समजून घेतले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यासाठी आधी थोडे जपानला जाऊन येऊ.

जपानी माणसाला भात म्हणजे आपल्याला भाकरी. तिथला भातशेतकरी आपल्यासारखाच लहान, तुकड्यातुकड्यांची जमीन कसणारा. अमेरिकेतला किंवा थायलंडमधला तांदूळ त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून जपानने वर्षानुवर्षे बाहेरच्या तांदळाला दार बंद ठेवले. 1993 साली थंड उन्हाळ्याने पीक बुडाले, तेव्हा परदेशातून तांदूळ आणावाच लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत दार थोडे उघडण्याचे जपानने मान्य केले. पुढे 1999 पासून व्यवस्था अशी झाली, की वर्षाला पावणेआठ लाख टनांच्या आसपास तांदूळ करार म्हणून आत घ्यायचा आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला 341 येन कर लावायचा. म्हणजे आपले साधारण दोनशे रुपये. एवढा कर भरून तांदूळ आणणार कोण?

एक बाजू म्हणते, हा कर म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री. दुसरी म्हणते, शेतकरी गेला तर गावे जातील आणि अडचणीच्या वेळी पोट दुसऱ्याच्या हाती राहील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण मला तिसरीच गोष्ट लागली. एवढा उंच बांध घालूनही जपानी शेतकऱ्याचे सरासरी वय सत्तरीला टेकले आहे. मुले शहरात गेली. भाव टिकावा म्हणून 1970 पासून 2018 पर्यंत सरकार भाताचे क्षेत्र कमी करायला लावत होते. आणि 2025 मध्ये त्याच देशात तांदळाचे भाव वर्षभरात जवळपास दुप्पट झाले आणि राखीव साठा बाजारात काढावा लागला. बांध जागेवर होता, तरी आतले शेत ओस पडत चालले होते.

आता आपल्या दुधाकडे येऊ. अण्णा विचारत होते तो करार म्हणजे ‘आरसेप’. आग्नेय आशियातले दहा देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत यांच्यात मुक्त व्यापार करण्याची ती बोलणी होती. त्यातला न्यूझीलंड हा जेमतेम अर्ध्या कोटी वस्तीचा देश. तिथे एका कळपात सरासरी चारशेहून जास्त गायी असतात आणि तयार होणाऱ्या दुधातले सुमारे 95 टक्के बाहेर विकले जाते. आपल्याकडे दोन-चार गायींचा गोठा. चारा विकतचा, पेंड विकतची. या दोघांची कुस्ती एका फडात लावणे न्यायाचे नाही.

आता परदेशी दूध काही टँकरने येत नाही. ते भुकटी होऊन येते. साधारण अकरा-बारा लिटर दुधाची एक किलो भुकटी होते. पाणी घातले की पुन्हा दूध. आपल्याकडे भुकटीवर 60 टक्के आयात कर आहे. समजा बाहेरची भुकटी बंदरात अडीचशे रुपये किलोने उतरली, तर करासह ती चारशेला पडते. हाच आपला बांध. गंमत म्हणजे, जुन्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने भुकटीवर शून्य कर कबूल करून ठेवला होता. पुन्हा वाटाघाटी करून आपण 60 टक्क्यांचा हक्क मिळवला. त्या बदल्यात वर्षाला 10 हजार टन भुकटी 15 टक्के करात येऊ द्यायचे ठरले.

4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकला भारताने आरसेपमधून माघार घेतली. 2022 च्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारातून दूध वगळले आणि डिसेंबर 2025 मध्ये न्यूझीलंडबरोबर करार ठरल्याचे जाहीर झाले त्यातूनही वगळले. हे चांगलेच झाले. बांध राहिला.

पण श्रोते हो, बांध असताना आपल्या पगाराचे काय झाले, तेही बघू या.

2020 च्या टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडली. आमच्या घरच्या दोन गायींच्या दुधाला तीस-बत्तीस रुपये मिळत होते, ते विसाच्या आसपास आले. त्या रमजान ईदला दूध भरपूर होते, पण शिरखुर्मा प्यायला घरी येणारे कुणी नव्हते. आणि जूनमध्ये तो 10 हजार टन भुकटीचा परवाना निघाला. देशाच्या 20 कोटी टन दुधापुढे ही भुकटी काहीच नाही, हे खरे. पण पडत्या बाजारात व्यापाऱ्याला तेवढी बातमीही पुरते. पुढे 2023-24 मध्ये पुन्हा दर पंचविशीत घसरले. 2024 च्या सुरुवातीला सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. त्याच काळात शहरातली दुधाची पिशवी पन्नासच्या वरच होती.

परदेशी दूध आले नाही, तरी भाव का पडला? कारण उरलेल्या दुधाची आपणही भुकटी करतो. जगात भुकटी स्वस्त झाली की आपली बाहेर जात नाही, गोदामात पडून राहते. मग संघ आणि खासगी डेअऱ्या खरेदीचा दर उतरवतात. म्हणजे आयातीच्या दारातून जे आत येऊ शकत नाही, ते निर्यातीच्या दारातून मागे फिरते. आयात कराचा बांध इथे उपयोगी पडत नाही.

कांद्याची तऱ्हा याच्या उलट. घोडेगाव, राहाता, पारनेरच्या बाजारात ज्यांनी ट्रॅक्टर उभे केलेत त्यांना हे सांगायला नको. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती मे 2024 मध्ये खुली झाली आणि शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. दुधासाठी आत येणारे दार बंद ठेवतो ते शेतकऱ्यासाठी, आणि कांद्यासाठी बाहेर जाणारे दार बंद करतो ते गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईकही आपलेच आहे, त्यालाही पोट आहे. पण त्याला स्वस्त द्यायचे तर तो खर्च सगळ्या देशाने उचलावा. एकट्या कांदेवाल्याच्या बोकांडी का?

1 जून 2017 ला आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. रस्त्यावर दूध ओतलेले राज्याने पाहिले. माझ्या अम्मीने आयुष्यात दुधाचा थेंब सांडू दिला नाही. ज्याने पहाटे उठून ते दूध काढले, त्यानेच ते मातीत ओतावे, ही वेळ काही परदेशी मालाने आणली नव्हती.

उसाला कायद्याने एफआरपी आहे, त्याखाली दर देता येत नाही. दुधाला तसा आधार नाही. म्हणून दूध उत्पादक दोन गोष्टी मागतात: दुधालाही एफआरपी, आणि पिशवीच्या विक्रीतून जे मिळते त्यात ठरलेला वाटा. मला ही मागणी रास्त वाटते. खर्च वाढेल, हिशेब अवघड होईल, असे जाणकार म्हणतात. तो हिशेब मांडायला सुरुवात तरी करावी.

परवा अण्णा पुन्हा रांगेत भेटले. म्हटले, “अण्णा, न्यूझीलंडचं दूध नाही आलं.” ते हातातल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाले, “नाही आलं हे बरंच झालं, भाई. पण पोरगा म्हणतो, मी गाया सांभाळणार नाही.”

जपानच्या भातशेतकऱ्याच्या घरात हेच वाक्य कधीतरी पहिल्यांदा बोलले गेले असेल. ते आपल्या घराघरांत ऐकू यायच्या आधी आपण बांधाच्या आत बघायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)