विद्यापीठातील नेतृत्व, भावनिक बुद्धिमत्ता आणि कार्यसमाधान

विद्यापीठातील वरिष्ठांचे नेतृत्व व भावनिक बुद्धिमत्ता यांचा अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाशी असलेला संबंध हा व्यवस्थापनशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा सामाईक अभ्यासविषय आहे.

संकल्पना
स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचे योग्य नियमन करण्याच्या क्षमतेस भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सालोव्ही आणि जॉन मायर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील ग्रंथामुळे ती लोकप्रिय झाली. आपल्या कामाच्या मूल्यमापनातून निर्माण होणारी सुखद भावनिक अवस्था म्हणजे कार्यसमाधान, अशी व्याख्या एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये केली.

विद्यापीठाचे वेगळेपण
कारखान्यातील उत्पादन मोजता येते. अध्यापनाचे फळ तसे मोजता येत नाही. विभागप्रमुख बहुधा सहकाऱ्यांमधूनच नेमला जात असल्याने केवळ आज्ञेने त्याचे काम भागत नाही. वेळापत्रक, परीक्षेची कामे, रजा आणि संशोधनाचे श्रेय यांच्या वाटपात त्याच्या समंजसपणाची कसोटी लागते.

संत तुकाराम नगर
पिंपरीतील संत तुकाराम नगर येथे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ असून त्यास २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयास रुग्णालय जोडलेले आहे. अशा संस्थांतील अध्यापक एकाच वेळी शिक्षक व चिकित्सक असतो. रुग्ण, नातेवाईक आणि विद्यार्थी यांच्यासमोर स्वतःच्या भावना आवरून धरणे हेही त्याच्या कामाचाच भाग ठरते. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामास ‘भावनिक श्रम’ म्हटले. हे श्रम कोणत्याही हजेरीपत्रकात नोंदले जात नाहीत. म्हणून वरिष्ठांनी त्यांची दखल घेणे महत्त्वाचे असते.

मर्यादा
फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या १९५९ मधील द्विघटक सिद्धान्तानुसार अपुरे वेतन व सेवेची अनिश्चितता यांतून असमाधान उद्भवते. समाधान मात्र जबाबदारी, कामाचे स्वरूप व कामाची कदर यांतून लाभते. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अध्यापक नेमले जातात. सहृदय विभागप्रमुख त्यांचा दिवस सुसह्य करू शकतो, परंतु सेवाशाश्वती देऊ शकत नाही. त्यामुळे भावनिक बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण हा न्याय्य सेवाशर्तींचा पर्याय ठरत नाही.

मापनासही मर्यादा आहेत. एकाच व्यक्तीने एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीतून वरिष्ठांविषयीचे मत आणि स्वतःचे समाधान असे दोन्ही मोजल्यास त्यांतील संबंध वास्तवापेक्षा अधिक दृढ भासू शकतो.