पिवळ्या गाठींचा पित्ताशयदाह

आपल्याकडे छातीत जळजळले, मळमळले की ‘पित्त झाले’ म्हणतात आणि सोडा पिऊन कामावर जातात. ते बहुधा जठरातील आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते व यकृताखालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठते. या एका शब्दाच्या घोटाळ्यापायी किती कामगारांनी पोटात खडे घेऊन पाळ्या भरल्या असतील!

खड्यांमुळे पित्ताशयाला सूज येते, हे पुष्कळांस ठाऊक आहे. तिचाच एक विरळा प्रकार म्हणजे ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस’. नाव जिभेला वेठीस धरणारे खरे, परंतु ‘झँथॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा, एवढे कळले की अर्धे काम झाले. १९७० साली ख्रिस्टेन्सन व इशाक यांनी या विकृतीचे वर्णन केले. आजचे नाव १९७६ पासून रूढ झाले. भारत व जपान येथून तिची बरीच नोंद झाली आहे.

घडते ते असे. खड्याने वाट अडली की पित्ताशयात दाब वाढतो. अस्तराचे बारीक खळगे भिंतीत शिरलेले असतात. ते फुटून पित्त भिंतीतच मुरते. ते साफ करण्यास भक्षक पेशी धावतात, त्यातील चरबी गिळतात आणि फुगून फेसाळ दिसू लागतात. त्यांचे पिवळे पुंजके बनतात, भोवती तंतू वाढतात. एरवी तीन मिलिमीटरांच्या आत असणारी भिंत जाड व टणक होते.

आता यकृताकडे वळू. पित्ताशय जेथे यकृताला टेकलेले असते, तेथे दोहोंमध्ये उदराचा पडदा नसतो. त्यामुळे दाह थेट यकृतात उतरू शकतो. भिंत फुटली तर तेथे गळू होते: हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत ठणका. पित्तनलिका दाबली गेली तर कावीळ होते. आतड्याशी भगेंद्रासारखी आरपार वाटही पडू शकते.

सर्वांत मोठी फसगत निराळीच आहे. सोनोग्राफीत व सी. टी. स्कॅनमध्ये हा रोग हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. मग एखादा रोगी ‘आता काय उपयोग’ म्हणून गावी निघून जातो. एखाद्याच्या यकृताचा भाग विनाकारण कापला जातो. उलट क्वचित दोन्ही रोग एकत्रही असतात, म्हणून नुसता धीर देणेही बरे नव्हे. खात्रीचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होतो. गळू असल्यास आधी प्रतिजैविके देऊन, बहुधा नळी घालून पू काढतात. पित्ताशय काढण्याचे मागाहून पाहतात. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया चिकटलेल्या भागांमुळे अनेकदा पोट उघडून पुरी करावी लागते, आणि त्यात शल्यवैद्याचा दोष नसतो. काढलेले पित्ताशय तपासणीस गेले की नाही, हे मात्र नातेवाइकांनी विचारावे व अहवाल हाती घेऊनच घरी जावे.