दगडांच्या वर्तुळात उगवता सूर्य

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहराबाहेर जुनापाणी लागतं. इथल्या माळावर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. एक-दोन नव्हे, सुमारे ३००. नवख्याला ते बांधावरून ढकललेले धोंडेच वाटतील. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. ही लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं आहेत, हे पुढे उत्खननांतून स्पष्ट झालं.

मग यात खगोलशास्त्र कुठून आलं? काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते वर्तुळाच्या ठराविक दिशांनाच अधिक आढळतात आणि त्या दिशांचं नातं सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

यामागचं विज्ञान पुण्यातल्या गच्चीवरूनही पडताळता येतं. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. जूनअखेरीस तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला, तर डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेला उगवतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते; म्हणजे दोन टोकांत पाच मुठींचं अंतर! एकाच जागी उभं राहून, सूर्य कोणत्या इमारतीमागून वर आला, हे दर पंधरा दिवसांनी वहीत टिपा. वर्षभरात तुमचं स्वतःचं पंचांग तयार होईल. मात्र सूर्याकडे टक लावून पाहू नका. कोर दिसताच जागा टिपून नजर वळवा. दुर्बीण तर अजिबात नको.

अर्थात, दिशा जुळली म्हणजे वेधशाळा सिद्ध झाली, असं नाही. इतक्या दगडांत काही दिशा योगायोगानेही जुळतील. म्हणूनच प्रत्येक दगड मूळ जागी असणं महत्त्वाचं. फोटोसाठी सरकवलेला किंवा कुंपणासाठी उचललेला एक दगडही पुरावा कायमचा पुसून टाकतो. भांडं फुटलं तर जोडता येतं; हललेल्या दगडाची दिशा परत मिळत नाही.

जुनापाणीला जायचं तर हिवाळ्यात, सकाळी लवकर जा. विदर्भातलं ऊन सोसवत नाही. सोबत पाणी, टोपी आणि होकायंत्र घ्या. खळगे डोळ्यांनी पाहा, त्यांत खडू किंवा रंग भरू नका. त्याआधी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमधलं पुरातत्त्व संग्रहालय पाहिलंत, तर ती वर्तुळं रचणाऱ्या माणसांची थोडी ओळख घेऊनच तुम्ही गाडीत बसाल.