जुने कॅटमरान निवडताना : किमतीपलीकडचा हिशेब

जुनी मोटार किंवा जुने घर घेताना काय पाहावे, याची बहुतेकांना कल्पना असते. निदान ओळखीत एखादा जाणकार तरी सापडतो. शिडाची जुनी नौका घेणाऱ्यास असा आधार क्वचितच मिळतो. अमेरिका, युरोप किंवा ऑस्ट्रेलियात वास्तव्य करणाऱ्या ज्या वाचकांना नौकाविहाराची हौस आहे, त्यांच्यासमोर जुन्या कॅटमरानचा पर्याय हमखास येतो. नव्या नौकेच्या मानाने तिची किंमत मोहात पाडणारी असते. तो मोह तपासून पाहण्याची रीत येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

‘कॅटमरान’ हा शब्द मूळचा आपल्याच देशातला. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळी ओंडके एकत्र बांधून जे तराफे करीत, त्यांचे हे नाव. इंग्रजीत जाऊन त्याचा अर्थ पालटला आणि दोन समांतर, अरुंद नौकादेह आडव्या दांड्यांनी जोडलेल्या नौकेस ते नाव पडले. या पोकळ नौकादेहांना ‘हल’ म्हणतात. दोन हलांमधील अंतरामुळे नौकेस स्थैर्य लाभते व अरुंदपणामुळे वेग मिळतो.

आधी हेतू, मग नौका

पहिला प्रश्न किमतीचा नसून हेतूचा आहे. नौका सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह फिरण्यासाठी हवी की शर्यतीसाठी? दोन्ही हेतूंसाठी जुन्या बाजारात विपुल आढळणारी नौका म्हणजे ‘होबी १६’. कॅलिफोर्नियातील होबी ऑल्टर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती पुढे आणली. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी सुमारे २.४ मीटर आणि वजन सुमारे १४५ किलो. पाण्यात खाली सोडावयाची फळी तिला नसते. हलांच्या विशिष्ट आकारामुळेच ती वाऱ्यात आडवी घसरत नाही. त्यामुळे ती थेट वाळूवर आणून लावता येते. जगभर तिचा प्रसार झाल्याने सुटे भाग व माहितगार माणसे मिळणे तुलनेने सोपे जाते.

याउलट उदाहरण ‘टॉर्नेडो’चे. १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये धावलेली ही वेगवान नौका ६.१ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद आहे. एवढ्या रुंदीमुळे ती रस्त्याने नेताना सुटी करावी लागते किंवा तिरप्या गाड्यावर चढवावी लागते. कुशल जोडीदार, वेळ आणि जागा यांची सोय असेल, तरच ती घ्यावी. नवशिक्यासाठी ती स्वस्तात मिळाली तरी महागच.

शर्यतीसाठी आणखी एक पथ्य आहे. आपल्या जवळच्या क्लबात ज्या प्रकारच्या नौका धावतात, तोच प्रकार निवडावा. एका प्रकारच्या शर्यतीत सर्व नौका समान नियमांनी बांधलेल्या असतात आणि कस लागतो तो माणसाचा. एकट्याच पडलेल्या प्रकारची नौका कितीही उत्तम असली, तरी तिला प्रतिस्पर्धी नाही आणि विकू म्हटले तर गिऱ्हाईकही नाही. खलाशांच्या वजनाचाही विचार करावा. ‘होबी १६’च्या शर्यतीत दोघांचे मिळून किमान वजन १२९.३ किलो असावे लागते; कमी पडल्यास जादा वजन बाळगावे लागते.

बदलता येणारे आणि न बदलता येणारे

कर्जासाठी तारण तपासताना बँक अधिकारी वस्तूच्या रंगरूपापेक्षा तिच्या टिकाऊ मूल्याकडे पाहतो. येथेही तीच दृष्टी उपयोगी पडते. शीड, दोर, तारा व दोन हलांमधील ताणलेले कापड म्हणजे ट्रॅम्पोलिन, हे सारे पैसे मोजून बदलता येते. हल मात्र नौकेचा प्राण आहे. तो निकामी झाला, तर दुरुस्तीचा खर्च नौकेच्या किमतीपेक्षाही अधिक होऊ शकतो.

‘होबी १६’चा हल फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम घालून बनवितात. ऊन, पाणी व वर्षानुवर्षांचा ताण यांनी हे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून हलाचा वरचा पृष्ठभाग, विशेषतः पुढच्या आडव्या दांड्याच्या अलीकडे व पलीकडे, अंगठ्याने दाबत जावे. तो दबला किंवा करकरला तर सावध व्हावे. नाण्याने हलके ठोकत गेल्यास निरोगी भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. वाळूवर ओढल्याने तळ झिजला आहे काय, हेही नौका उलटवून पाहावे.

गळती तपासण्यासाठी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून निचऱ्याच्या भोकातून तोंडाने हळुवार हवा फुंकावी. बुडबुडे दिसले तेथे छिद्र आहे. यंत्राने हवा भरू नये, त्या दाबाने चांगला हलही उकलू शकतो.

मग आडवे दांडे व त्यांचे जोड पाहावेत. एक कोपरा उचलला असता चौकट खिळखिळी वाटू नये. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांचा एखादा बारीक धागा जरी तुटून वर आला असेल, तरी ती तार बाद समजावी. तारांचे वय विक्रेत्यास सांगता येत नसेल, तर त्या नव्याच घ्याव्यात व तो खर्च किमतीतून वजा मागावा. भर वाऱ्यात तार तुटली, तर डोलकाठी माणसांवर कोसळते. डोलकाठीच्या आत पाणी शिरत नाही ना, हेही पाहावे. पाणी भरलेल्या डोलकाठीमुळे कलंडलेली नौका पूर्ण पालथी होते व सरळ करणे दुष्कर होते.

शिडाचे कापड विहारासाठी जुने असले तरी चालते, मात्र शिवण उन्हाने कुजलेली नसावी. शर्यतीत आकार गमावलेले शीड उपयोगाचे नाही. नव्या शिडाची किंमत आधीच हिशेबात धरावी.

कागदपत्रे आणि अखेरची कसोटी

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या नौकांवर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो कागदपत्रांशी ताडून पाहावा, मालकी विक्रेत्याच्याच नावे आहे आणि नौकेवर कुणाचे कर्ज नाही, याची खात्री करून घ्यावी. नौका वाहणाऱ्या गाड्याचे कागद, टायर व बेअरिंगही तपासावेत.

यानंतर एक छोटी बेरीज करावी : मागितलेली किंमत, त्यात तारा, शीड, ट्रॅम्पोलिन यांपैकी जे बदलावे लागेल त्याचा खर्च, शिवाय जागेचे भाडे व विमा. पुष्कळदा असे आढळते, की थोडी महाग पण निगा राखलेली नौका या बेरजेत स्वस्त ठरते.

शक्य झाल्यास पैसे देण्यापूर्वी एक फेरी मारावी आणि किनाऱ्यावर परतल्यावर निचऱ्याची बुचे काढावीत. दोन्ही हलांतून किती पाणी निघते, ते कोणत्याही विक्रेत्याच्या शब्दापेक्षा अधिक सांगते. डोलकाठी उभारण्यापूर्वी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत, हे पाहण्यास मात्र कधीही विसरू नये. ॲल्युमिनियमची डोलकाठी त्यांना टेकली, तर प्राणाशी गाठ पडते. आणि जीवरक्षक जाकीट नेहमी नवेच घ्यावे. तेथे काटकसर करू नये.