निर्मळचे पोलाद, दमास्कसचे नाव

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले, तेव्हा सुभ्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर होते. त्याच वर्णनात इंदूर आणि निर्मळ इथे पोलादाच्या खाणी असल्याची नोंद येते. हे इंदूर माळव्यातले नव्हे, तर आजचे तेलंगणातले निजामाबाद. (पोलाद खाणीत सापडत नाही, सापडते ते लोहखनिज, पण दरबारी लेखकाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.) या पट्ट्यातले पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात. दख्खन आणि दक्षिण भारतातल्या अशा पोलादाची पाती युरोपने पश्चिम आशियाच्या बाजारात पाहिली आणि ती दमास्कसच्या नावाने ओळखली. वितळले एकीकडे, नाव झाले दुसरीकडे. आज 'जर्मन स्टील', 'जपानी स्टील' किंवा 'दमास्कस' असे कोरलेली सुरी हजारो रुपयांना विकत घेताना हा इतिहास आठवलेला बरा.

मात्र त्या काळी पोलाद कुठले, या प्रश्नाला खरा अर्थ होता. हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातल्या भूवैज्ञानिकाने निजामाबाद भागातल्या कोनासमुद्रम् गावची पद्धत लिहून ठेवली. ती १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वेगळ्या ठिकाणच्या खनिजांचे लोखंड ठरावीक प्रमाणात घेऊन मातीच्या मुशीत घालायचे, मूस बंद करून दीर्घकाळ भट्टीत तापवायची आणि निघालेली लगड पुन्हा तापवून नरम करायची. तिथे इस्फहानचा एक व्यापारी खरेदीसाठी आलेला होता. इराणी व्यापारी वजनापासून शेवटपर्यंत भट्टीजवळ थांबून देखरेख करत, असे व्हॉयसी सांगतो. लगडीवर कसला शिक्का आहे यावर त्यांची भिस्त नव्हती. त्यामागचे विज्ञान दीडशेहून अधिक वर्षांनी उलगडले. जॉन व्हर्होवेन आणि आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९०च्या दशकात दाखवले, की पात्यावरची लाटांसारखी नक्षी उमटायला सुमारे दीड टक्का कार्बन पुरत नाही; खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारखा धातू अत्यल्प प्रमाणात, टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, असावा लागतो. म्हणजे खनिज बदलले की पाते बदलत असे. गावाचे नाव ही त्या काळची रासायनिक माहितीच होती.

आज तसे राहिलेले नाही. विजेच्या भट्टीत कार्बन, क्रोमियम, व्हॅनेडियम मोजून घालतात, म्हणून पोलादाचा दर्जा ठरतो तो प्रतीच्या सूत्रावरून. युरोपीय सुऱ्यांमध्ये नेहमी दिसणारी 'एक्स ५० सीआर एमओ व्ही १५' ही प्रत घ्या: साधारण अर्धा टक्का कार्बन, पंधरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हे सूत्र कोणत्याही देशातला कारखाना पाळू शकतो. मग तिला 'जर्मन' म्हणणे खोटे नसले, तरी पाते जर्मनीत ओतले असे त्यातून ठरत नाही. जर्मनीतल्या झोलिंगनच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, पण ते घडणीला: महत्त्वाच्या प्रक्रिया त्या परिसरात व्हाव्यात. पोलाद तिथलेच हवे, अशी अट नाही. आपल्याकडे आयात वस्तूच्या वेष्टनावर मूळ देश छापावा लागतो, तोही सुरीचा, पोलादाचा नव्हे. नुसते '४४०' लिहिलेले पाते तर आणखी फसवे. या मालिकेतल्या 'ए' प्रतीत कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, 'सी'मध्ये ०.९५ ते १.२० टक्के, नेमके अक्षर गाळले की स्वस्त प्रत महागाच्या रांगेत बसते. आणि आजचे 'दमास्कस' बहुधा दोन पोलादांचे थर जोडून आम्लाने उठवलेले असते. काही पात्यांवर तर ती नक्षी नुसती वरून छापलेली असते.

मग पारख करायची कशी? भांड्यांच्या दुकानातली लोहचुंबकाची युक्ती इथे उलटी पडते. डब्या-पातेल्यांच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही, पण कडक केलेल्या पात्याला तो धरायलाच हवा. न धरणारे पाते धार टिकवणार नाही. सराफाकडच्या, सोन्याचा कस सांगणाऱ्या क्ष-किरण यंत्राखाली सुरी ठेवली तर क्रोमियम कळेल. कार्बन मात्र कळणार नाही, कारण इतक्या हलक्या मूलद्रव्याचे क्षीण किरण ते यंत्र पकडत नाही. धार ज्यावर उभी आहे, नेमका तोच घटक निसटतो. त्यासाठी ठिणगी-वर्णपटाचे यंत्र लागते, आणि ते पात्यावर डाग पाडते.

भाजी चिरायला एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारेल. शंभर रुपयांच्या सुरीला ती नकोच. पण अचलपूर-परतवाडा पट्ट्यात संत्र्याची कलमे बांधणाऱ्याला बोथट पाते परवडत नाही. साल चेचली गेली की डोळा धरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत कितीही उंची असो, पाणी नीट दिले नसेल तर पाते नरमच राहणार. हे खरेच आहे, आणि म्हणूनच प्रतीच्या जोडीला रॉकवेल कठिणतेचा आकडा हवा. तो प्रयोगशाळेत खोटा ठरवता येतो. 'अस्सल जपानी' हे शब्द तिथे खोटे ठरवता येत नाहीत. लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवलेल्या विळ्यावर तर काहीच छापलेले नसते, तरी त्याचे मूळ गिऱ्हाईकाला ठाऊक असते. साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बनचे ते पोलाद गंजते, पण धार चांगली घेते. अर्थात वापरून थकलेल्या पाट्यात लपलेली भेगही असू शकते, तेव्हा त्याचेही फार कौतुक नको.

मोठ्या उत्पादकाला ही सबब नाही. कारखान्यात प्रत्येक वितळीला 'हीट नंबर' मिळतो आणि तिच्या घटकांचा दाखला पत्र्याच्या गुंडाळीबरोबर जातो. गुंडाळीतून पाती कापली गेली, की हा कागद सुरीवाल्याच्या फायलीत थांबतो, गिऱ्हाईकापर्यंत येत नाही. तो क्रमांक, प्रत आणि कठिणता वेष्टनावर छापायला फारसा खर्च नाही. जो छापत नाही, त्याची सुरी निनावी पोलादाच्या भावानेच घ्यावी.