समजून घ्या : ग्रामपंचायतीला अधिकार देतो कोण?

ग्रामपंचायत घरपट्टी आकारते, गावाच्या निधीचा खर्च ठरवते. तिचे आपण का ऐकायचे? कायद्याने अधिकार दिला म्हणून, की गावाने संमती दिली म्हणून? या वादाचे एक टोक वर्धा जिल्ह्यात आहे.

सेवाग्रामचे उत्तर काय होते?
१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. सत्ता दिल्लीने गावाला वाटायची नसते, ती गावातून वर जायची असते, हा त्यांचा आग्रह होता. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी पिरॅमिडऐवजी विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांची कल्पना मांडली. तिच्या केंद्रस्थानी व्यक्ती होती. त्याच वर्षी वर्ध्याचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी पंचायतींवर आधारलेल्या राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप काय होता?
४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी गावाच्या गौरवीकरणावर कडक टीका केली. राज्याचा घटक गाव नव्हे, व्यक्ती असावी, असे ते म्हणाले. जातीने विभागलेल्या गावात पुढाऱ्यांचे एकमत म्हणजे वेशीबाहेरच्यांची संमती नव्हे, हा या भूमिकेचा अर्थ.

मग मधला मार्ग कसा निघाला?
पंचायती आधी मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४० मध्ये आल्या. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक दर्जा दिला. गावातल्या सर्व मतदारांची ग्रामसभा आली, तसेच अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी आरक्षणही आले. म्हणजे गावाला अधिकार मिळाला; पण गाव म्हणजे मूठभर कारभारी नव्हेत, हेही ठरले.

आज अडते कुठे?
महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे थोड्या लोकांच्या हजेरीतला ठरावही कायद्याने वैध ठरतो.

वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासकाची सहीही वैध असते. पण त्याला मतदारांपुढे उभे राहावे लागत नाही.

वैधता कागदावर मिळते, मान्यता मात्र लोकांकडून मिळवावी लागते. म्हणून पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा, सभेला जा आणि पटले नाही तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा.