कैसरबागेतलं बिऱ्हाड

1926 साली लखनौत मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक निघालं. वजन दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचं, नाव गव्हर्नर विल्यम मॅरिसचं आणि विद्या वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंड्यांची. त्यांची क्रमिक पुस्तकं मूळ मराठीत. म्हणजे बंदिशी ब्रजभाषेत, टिपणं मराठीत आणि गाव उर्दूचं!

दोनच वर्षांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. तिशीही न गाठलेले, मुंबईचे बी.ए. आणि फैयाज खाँचे शागीर्द. ठुमरी, कथक आणि तबल्याच्या या शहरात त्यांनी फळ्यावर स्वर मांडायला सुरुवात केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. गाणं कागदावर उतरतं का, हा आक्षेप त्या काळी सगळीकडेच होता, आणि माझ्या मते तो निम्मा खरा होता. मींड काही टिंबात मावत नाही. रातंजनकरांना हे पक्कं ठाऊक असणार. घरी ठेवलेल्या शिष्यांना त्यांनी तालीम दिली ती समोर बसवूनच. तबल्याला तर कॉलेजात खुद्द लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते.

बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे 1936 साली लखनौला रातंजनकरांकडे आले, तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते. त्या वयात आईवडिलांपासून इतक्या दूर! गुरूच्या घरीच राहिले, शिकले आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागले. चिदानंद नागरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हेही तिथलेच. व्हायोलिन शिकवायला वाईचे वि. गो. जोग. दक्षिणेकडून आलेल्या या पोरांचं गाणं लखनौच्या कैसरबागेत, या कॉलेजात घडलं.

मग एकेक बिऱ्हाड हललं. नागरकर 1946 साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनात गेले, 1951 साली गिंडे त्यांच्याकडे आले. 1957 साली रातंजनकर खैरागडच्या नव्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1966 साली सरकारने कॉलेज ताब्यात घेतलं, मॅरिसचं नाव जाऊन भातखंड्यांचं लागलं.

रातंजनकरांची परंपरा म्हणून मुंबईत आज जे गायलं जातं, ते मुंबईचं म्हणवून मिरवण्याआधी लखनौचं देणं मान्य करायला हवं.